हात मागे, पंत

सुधाकर, उद्या मीटिंग आहे. तुझी खुर्ची अजून कुणी हलवलेली नाही, पण तुझ्या टेबलावरचा पंखा साहेबांनी आपल्या केबिनमध्ये नेलाय. मी काही बोललो नाही. तू असतास तर तूही बोलला नसतास. फक्त दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये जाऊन पंख्याला तेल घालून आला असतास आणि वर साहेबांना सांगितलं असतंस, "आता हे काम तुमच्या नावावर बरं का."

रविवारची दुपार आहे. कात्रपच्या माझ्या घरात सगळे जेवून आडवे झालेत आणि मी तुझ्याशी बोलत बसलोय. बायको मघाशी डोकावून गेली. म्हणाली, "त्या स्क्रूवरून अजून भांडताय का त्यांच्याशी?" मी हो म्हटलं. तिला नवल वाटलं नाही, पाणी ठेवून गेली. पण बाकीचे लोक विचारतात ना, की तुमचं दोघांचं नेमकं काय चाललं होतं, तेव्हा मला एका दमात सांगता येत नाही. म्हणून तुला माहीत असलेलंच तुला पहिल्यापासून सांगतो. मध्ये तोंड घालू नकोस.

लोकांना वाटायचं आपण तोफा बनवतो. माझ्या सासऱ्यांची तर शेवटपर्यंत समजूत होती की जावई अंबरनाथला रणगाड्यांच्या मधोमध बसतो. आपण बसायचो ते एका लांबट खोलीत, जिथं उन्हाळ्यात पत्रा तापायचा आणि पावसाळ्यात फायली फुगायच्या. काम काय, तर सैन्याकडे जाणाऱ्या यंत्राची देखभाल कागदावर ठरवायची. कुठलं काम, केव्हा, कशानं आणि कुणी करायचं. तेल बघणं, पट्टा ताणणं, नोझल बदलणं. प्रत्येक कामापुढे तीन रकाने. यंत्र चालवणारा जवान, त्याच्या युनिटचं वर्कशॉप आणि लांबचं मोठं वर्कशॉप. तिघांपैकी एकाच्याच रकान्यात खूण करायची.

एकाच्याच, हे आपण ठेच लागल्यावर शिकलो. नवीन होतो तेव्हा आपण दोघांनी मिळून फार शहाणपणा केला होता, आठवतंय? रेडिएटरचं पाणी बघण्याचं काम इतकं महत्त्वाचं वाटलं की जवानाच्याही रकान्यात खूण केली आणि वर्कशॉपच्याही. म्हटलं, दोघांनी बघितलं तर बरंच. जवानाला वाटलं वर्कशॉपवाले बघतील, वर्कशॉपवाल्यांना वाटलं जवान रोज बघतच असेल. जनरेटरचा सेट कोरडा चालला आणि जाम होऊन परत आला. साहेबांनी आपल्याला त्याच्यासमोर उभं केलं आणि निघून गेले. त्या दिवशी डबा उघडायची इच्छा नव्हती, तरी तू माझ्या डब्यातली भाजी संपवलीस.

तेव्हापासून तुला वेडच लागलं. हेंद्रेपाड्याच्या तुझ्या घरातसुद्धा एक काम एकाच्याच नावावर. गॅसची नळी तुझ्या नावावर, सायकलची चेन पोरीच्या नावावर, विहिरीवरची पाण्याची मोटार वहिनींच्या नावावर. मी आलो की मला दम द्यायचास, की पंत, दिव्याचा बल्ब गेलाय पण तुम्ही हात लावायचा नाही, ते आमच्या आईकडे आहे. म्हातारी होती तोवर तीच स्टुलावर चढून बल्ब बदलायची आणि तू खाली उभा. मला घाम फुटायचा. ती वरून म्हणायची, "बामनाला च्या दे रं, त्याचा जीव घाबरा झालाय."

मला पंत म्हणायला तूच सुरुवात केलीस. माझं नाव घरचे सोडून कुणाला आठवत नसेल आता. भातशेतीवाल्या घरातला तू, नांगराच्या फाळापासून इंजिनापर्यंत जे दिसेल ते उघडून बघितलेला. मी डिप्लोमावाला, उघडायच्या आधी पुस्तक वाचणारा. साहेबांनी आपल्याला एका टेबलावर का बसवलं ते मला बरेच दिवस कळलं नाही. आपण एकमेकांचं लिहिलेलं खोडत राहू, हाच त्यांचा हिशेब असणार.

आणि तू खोडायचास किती. "काळजीपूर्वक" हा शब्द तर तू मला सबंध नोकरीत एकदाही वापरू दिला नाहीस. मी लिहायचो, झाकण काळजीपूर्वक काढा. तू त्यावर लाल रेघ ओढून म्हणायचास, "म्हणजे काय करायचं? डोळे मोठे करायचे? काय होण्याची भीती आहे ते सांग आणि ते होऊ नये म्हणून हात कुठं ठेवायचा ते सांग. काळजी आपण करायची, त्याला काम सांगायचं." मला राग यायचा. घरी जाताना कळायचं की बरोबर बोलतोय, मग अजून राग यायचा.

पण खरा तुझा शोध म्हणजे "हात मागे". कुठल्याही कामावर शेवटची खूण करायच्या आधी, ज्याच्या रकान्यात ते जाणार त्याच्याकडूनच ते करून घ्यायचं. त्याला मिळणारीच हत्यारं, आपण लिहिलेल्याच पायऱ्या. आणि लिहिणाऱ्यांनी बाजूला उभं राहायचं, हात पाठीमागे, तोंड बंद. पहिल्या वेळी एक जवान फॅन बेल्ट चढवत होता. तो उलट्या बाजूनं सुरुवात करतोय हे दिसलं आणि मी पुढे झालो. तू मागून माझी दोन्ही मनगटं धरलीस. चांगली घट्ट. कानात म्हणालास, "हात मागे, पंत. तिकडे तू त्याच्यासोबत जाणार आहेस का?" तो जवान चुकला, त्यानं परत वाचलं, परत चुकला. मग तू मनगटं सोडलीस आणि त्याला म्हणालास, "तू नहीं चूका भाई, हमने गलत लिखा." तो पोरगा असा बघत राहिला, जणू आजवर त्याला असं कुणी म्हटलंच नव्हतं. त्या दिवशी मला तू फार आवडलास. हे मी तुला कधी सांगितलं नाही, कारण तू लगेच चहा मागितला असतास.

तर आता तो स्क्रू.

डोंगरावरच्या फील्ड हॉस्पिटलसाठीचा जनरेटर. तंबूतल्या ऑपरेशनच्या टेबलावरचा दिवा ज्याच्यावर चालणार तो. डिझेल एकदा तळाला गेलं की पाइपात हवा शिरते, मग टाकी भरली तरी इंजिन नुसतं खोकतं. फिल्टरच्या डोक्यावर एक आखूड स्क्रू असतो, तो काढायचा, हातपंपानं डिझेल वर आणायचं, बुडबुडे थांबले की स्क्रू परत बसवायचा. आपल्याकडे हवा काढणं म्हणतात. काम एवढंसं. पण ते कुणी करायचं, यावर आपण दोघं या वर्षी जेवढं भांडलो तेवढं सख्खे भाऊ जमिनीवरून भांडत नसतील.

तू म्हणायचास, सेटजवळ उभ्या असलेल्या जवानानंच. मी म्हणायचो, वर्कशॉपनंच. त्या स्क्रूखाली तांब्याचा एक वॉशर असतो. स्क्रू काढला की तो निसटतो आणि खाली माती नाहीतर बर्फ. वॉशर हरवला की तिथून डिझेल गळतं, हवा पुन्हा शिरते, सेट गेलाच. मी विचारायचो, "वॉशर पडला तर?" तू हसायचास आणि म्हणायचास, "नाही पडत रे. माझा कधी पडलाय का?" याला काय उत्तर म्हणतात का सुधाकर? बाकी सगळ्यांना तू असं उत्तर देऊन सुटू दिलं असतंस का?

म्हणून तर मी तुला उल्हासनगरला घेऊन गेलो. लग्नाच्या मांडवांना जनरेटर भाड्यानं देणारे ते सिंधी शेठ, आपण त्यांना दादा म्हणायचो. त्यांनी सगळ्या सेटांचे ते स्क्रू लाल रंगानं बंदच करून टाकले होते. म्हणाले, "साईं, अपन ऑपरेटर के हाथ में पाना देता इच नहीं. खोलेगा, गिराएगा, फिर बोलेगा मशीन खराब." मी तुझ्याकडे बघितलं, जिंकल्यासारखं. तू शांतपणे विचारलंस, "और शादी में बत्ती गई तो?" ते म्हणाले, "तो क्या, स्कूटर पे मिस्त्री भेजता हूं." मग तू खारी खाल्लीस, चहा प्यायलास. परत येताना पुलावर थांबून म्हणालास, "पंत, त्या डोंगरावर स्कूटर कोण पाठवणार?"

मला ते दिसत नव्हतं असं नाही. पण मी एक चौकशी जवळून पाहिली होती, तू तेव्हा ट्रेनिंगला गेला होतास. एका पंपाचं काम जवानाच्या रकान्यात होतं. पंप फुटला. समोर खुर्च्यांवर चार अधिकारी, आणि तो एकटा, टोपी काखेत. काम कसं लिहिलंय हे कुणी विचारलं नाही, कुणाच्या नावावर आहे एवढंच विचारलं. तेव्हापासून जवानाच्या रकान्यात खूण करताना माझा हात थांबतो. ज्याच्या नावावर काम त्याच्याच नावावर चूक लिहिली जाते. मी त्याला त्या खुर्च्यांपुढे उभं करायला तयार नव्हतो. तुला हे मी सांगितलं, तेव्हा तू पेनाला टोपण लावलंस. मग म्हणालास, "आणि टेबलावर जो झोपलाय, पोट उघडं ठेवून, त्याचं काय?"

पण मी माघार घेतली नाही, आणि तूही नाही. त्या शेवटच्या संध्याकाळी बस सुटायची वेळ झाली होती. तू पिशवी खांद्याला लावलीस, दारात थांबलास आणि विचारलंस, "पंत, तू नक्की कुणाला वाचवतोयस? त्याला, की स्वतःला? उद्या सांग."

मी फार चिडलो होतो. रात्रभर उत्तरं तयार केली. एकापेक्षा एक सरस. तुला गप्पच केलं असतं. सकाळी टेबलावर बसलो, तुझ्यासाठी पेन उघडून तयार, आणि तुझ्या घराशेजारचा माणूस निरोप घेऊन आला की पहाटे छातीत दुखायला लागलं आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. मी त्याला म्हटलं, असं कसं, आम्हाला आज बोलायचं होतं. खरंच तेवढंच म्हटलं. नंतर सांगायचा तो लोकांना, की पंतांना धक्का बसलाय. धक्का कसला, राग होता. असा प्रश्न टाकून कुणी जातं का?

नदीकाठी तुला घेऊन गेलो तेव्हा सेक्शनमधले सगळे होते. तुझ्या भावानं अग्नी दिला. मी मागे उभा होतो, आणि मग लक्षात आलं की माझे हात आपोआप पाठीमागे गेलेत. बाकीचे हात जोडून उभे होते. मी मात्र तसाच उभा राहिलो.

तेरावं झालं. काल मी परत गेलो होतो तुझ्या घरी. ओटीवर तुझा थोरला भाऊ होता, वहिनींचा कर्जतचा भाऊ होता, आणखी दोघंतिघं. सगळे चांगले लोक, सगळे कळवळ्यानं बोलत होते. शेत भाऊ बघेल. बँकेचं मेहुणा बघेल. पोरीच्या कॉलेजचं काका बघतील. वहिनींनी थोडे दिवस कर्जतला जावं, इथं एकटीला झेपायचं नाही. मी पण ऐकता ऐकता म्हणून गेलो, "मोटारीचं मी बघतो. दर रविवारी येऊन जाईन." सगळ्यांनी माना डोलावल्या. कामं वाटून झाली. वहिनी आतून चहा घेऊन आल्या, कप ठेवले, परत गेल्या. त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. मीही नाही. इतकी वर्षं हाच धंदा करून.

चहा संपतोय तेवढ्यात पोर सांगत आली की टाकी रिकामी आहे, मोटार नुसती घुरघुरतेय. हवा धरली होती. मी उठलोच. विहिरीपाशी गेलो, पाना उचलणार तर तो वहिनींच्या हातात. मी म्हटलं, "द्या वहिनी, मी करतो."

त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "भावजी, हात मागे."

आवाज चढवला नाही, रागही नव्हता. तू म्हणायचास तसंच म्हणाल्या. आणि मी हात मागे घेतले. ओटीवरची मंडळी मागून येऊन उभी राहिली.

त्यांनी मोटार बंद केली. पदर खोचला. पंपाच्या डोक्यावरचा प्लग पान्यानं ढिला केला, मग बोटांनी फिरवून काढला. आणि प्लग बाजूला ठेवण्याच्या आधी त्याच्यावरचा वॉशर काढून करंगळीत घातला. अंगठी घालावी तसा, न बघता. मग तांब्यानं पाणी ओतत राहिल्या, आतले बुडबुडे थांबेपर्यंत. वॉशर बोटातच. मग तो प्लगला चढवला, प्लग बसवला, पाना फिरवला, बटण दाबलं. पाइपातून आधी फुस्स झालं, मग पाणी आलं, टाकीत धाडधाड पडायला लागलं. पोरीनं हात धुतले त्याखाली.

मी विचारलं, "वहिनी, हे करंगळीचं कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी नाही," त्या म्हणाल्या. "ते करायचे तसं. पहिल्या उन्हाळ्यात चारदा करून दाखवलं होतं. ते घालायचे बोटात, मग मीही घालते. का, चुकलं का काही?"

सुधाकर, गधड्या.

इतके महिने मी विचारतोय, वॉशर पडला तर, वॉशर पडला तर, आणि तू हसतोयस, नाही पडत. पडणार कसा, तो तुझ्या करंगळीत असायचा. तुला ते माहीतच नव्हतं. तुझ्या हाताला माहीत होतं, तुला नव्हतं. तुझ्या मसुद्यात स्क्रू कुठल्या बाजूला फिरवायचा तेसुद्धा आहे, हातपंप कुठल्या हातानं दाबायचा ते आहे, आणि ही पायरी नाही. दुसऱ्यांच्या अशा सुटलेल्या पायऱ्या पकडायला तूच "हात मागे" काढलंस, आणि तुझ्या कामापुढे मला एकदाही हात मागे घेऊन उभं राहू दिलं नाहीस. वहिनी उभ्या राहिल्या होत्या, म्हणून त्यांना ती पायरी मिळाली. मी विहिरीच्या कडेवर बसलो आणि हसायला लागलो, आणि मग ते हसणं राहिलं नाही. वहिनींनी तांब्या भरून माझ्यासमोर ठेवला. थोड्या वेळानं ओटीवर गेल्या आणि सगळ्यांना सांगितलं की शेत तुझ्या भावानं बघावं, बाकीचं इथलं त्यांचं त्या बघतील, कर्जतला उन्हाळ्याच्या सुट्टीत येतील. तुझ्या भावानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, मोटार आधीपासून त्यांच्याच नावावर आहे, मी आपलं उगीच बोललो.

तर ऐक, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मी त्याला वाचवत होतो. खरंच त्यालाच. ओटीवरची माणसंसुद्धा वहिनींना वाचवतच होती, त्यांच्या मनात खोट नव्हती. पण त्यातून त्यांच्या हातात काय राहिलं असतं, तर चहाचे कप. त्या जवानाचा पाना काढून घेतला तर अंधारात त्याच्या हातात काय राहणार, हे मला तुझ्या विहिरीवर दिसलं. चौकशीची भीती माझी खोटी नाही, ती मी सोडणार नाही. तिच्यासाठीच पायरी नीट लिहायची. स्क्रू काढा. वॉशर करंगळीत घाला. मग स्क्रू खाली ठेवा. याच्यात कुठं काळजीपूर्वक नाही, बघून घे.

म्हणजे तुझं बरोबर होतं आणि तू चुकला होतास. माझं चुकलं होतं आणि मी बरोबर विचारत होतो. हे तुला तोंडावर सांगून तुझा चेहरा बघायचा होता रे मला. एवढं एक मिळायला हवं होतं. तू नसताना जिंकण्यात काही राम नाही, आणि तू नसताना हरायलाही कसंतरीच होतं.

शिवाय हातमोज्यांचं राहिलंच. थंडीत तो जाड हातमोजे घालणार, वॉशर करंगळीत जाणार कसा? एका हाताचा काढायचा म्हणतोस? मग बोट गारठलं तर? बोल ना. हे भांडण दोघांच्या नावावर होतं, आता एकट्याच्या नावावर आलं, आणि मला ते काम एकट्याला येत नाही.

उद्या मीटिंगमध्ये मी तुझी बाजू मांडणार आहे. जवानाच्या रकान्यात खूण करा म्हणून सांगणार आहे. साहेब चष्म्यावरून बघतील. मग एखाद्या युनिटमधून कुणीतरी पोरगा येईल, आपण लिहिलेलं वाचेल, पाना घेईल, फिल्टरपाशी वाकेल. तो अडखळेल, मला पुढे व्हावंसं वाटेल. मी हात मागे घेऊन उभा राहीन. मनगटं धरायला मागे कुणी नसेल, ती माझी मलाच धरावी लागतील.